नंदूचा ताप

२ जानेवारी १९८६, मुलुंड

जयवंतला कारखान्यातून यंदा दोन डायऱ्या मिळाल्या, त्यातली एक त्याने मला दिली. म्हणाला, "नाना, तुमच्या पेशंटांचं लिहून ठेवा हिच्यात." माझे पेशंट माझ्या डोक्यात असतात, त्यांना डायरी लागत नाही. ही मी माझ्यापुरती ठेवणार. कुणी वाचायची नाही.

रेशनिंग ऑफिसात तीस वर्षं लोक माझ्यापुढे रांगेत उभे राहिले ते कार्डासाठी नि रॉकेलसाठी, आणि तेही मनातल्या मनात शिव्या घालत. निवृत्त झालो, बाराक्षाराच्या औषधांची पेटी घेतली, पुस्तकं वाचली, आणि आता लोक दारात येतात ते हात जोडून. सर्दी असो, जुलाब असोत, पोरांचे दात येत असोत, सगळ्यावर पांढऱ्या गोडसर गोळ्या. पोरं मागून खातात. बिल्डिंगीत मला नाना कमी आणि डॉक्टर जास्त म्हणतात. मी नको म्हणतो, पण ऐकायला बरं वाटतं.

घरात मात्र पिकतं तिथं विकत नाही. नंदूला डिसेंबरात दोनदा ताप आला. नंदू म्हणजे जयवंत-अनुपमाचा मुलगा, आमचं पहिलं नातवंड, सात महिन्यांचा. दात येताहेत, दुसरं काय. पहिल्या तापाला फेरम फॉस दिली, चौथ्या दिवशी ताप गेला. दुसऱ्या वेळी अनुपमा त्याला घेऊन घाटकोपरला माहेरी गेली. मी पुडी बांधून दिली होती. चार दिवसांनी परत आली तेव्हा ताप नव्हता आणि पुडी तशीच होती. म्हणाली, द्यायची विसरले. म्हणजे आधीच्या डोसाचाच परिणाम. माझ्या औषधाचा गुण मागाहून येतो, हे पुस्तकातही लिहिलंय.

एक नियम मी सून घरात आली तेव्हाच सांगून ठेवलाय. माझी गोळी चालू असताना घरात दुसरं औषध येता कामा नये. दोन्ही औषधं पोटात भांडतात आणि माणूस मधल्या मधे मरतो.

५ जानेवारी

सकाळी नंदूला मोरीवर धरायचं काम माझं. तो तीन महिन्यांचा झाल्यापासून मीच करतो. आमच्या हिच्या, रत्नप्रभेच्या, गुडघ्यांना खाली बसणं झेपत नाही, अनुपमाची टेलिफोन खात्यात जायची घाई, जयवंत पहिल्या पाळीला गेलेला. मांड्यांखाली हात घालून धरायचं आणि 'शूऽऽ' म्हणत राहायचं. बाकी दिवसभर लंगोट.

एक गोष्ट लिहून ठेवतो. नंदूला शू सरळ होत नाही. आधी कुंथतो, तोंड लालबुंद करतो, पाय आखडतो, रडतो, मग थेंब थेंब. जयवंत या वयात समोरची भिंत भिजवायचा. पण प्रत्येक मूल वेगळं असतं. त्यासाठी मी महिन्यापूर्वीच मॅग फॉस सुरू केली आहे. फरक आहे असं मला वाटतं. खरं लिहायचं तर, फरक आहेच असं नाही. कुणाला बोललो नाही. बोललो तर पहिला प्रश्न हाच येणार, की मग तुमच्या गोळ्यांनी काय केलं.

७ जानेवारी

अनुपमा आज सकाळी मोरीपाशी घुटमळत होती. पदराआड काहीतरी धरलेलं, काचेचं असावं. म्हणाली, "नाना, आज मी धरते त्याला."

म्हटलं, "राहू दे. तुला उशीर होईल. आणि त्याला माझी सवय आहे."

उभीच राहिली. मग म्हणाली, "फक्त आजच्या दिवस." मी हसलो. आईला मुलाची हौस असते, समजू शकतो, पण सवय मोडली की मुलं बिघडतात. शेवटी ती गेली. जाताना डोळ्यांत पाणी होतं असं रत्नप्रभा म्हणते. नोकरी करणाऱ्या बायकांचं असं होतंच, मूल सोडून जाववत नाही.

९ जानेवारी

पुन्हा ताप. एकशे दोनच्या वर. फेरम फॉस दर दोन तासांनी.

रत्नप्रभा म्हणते, याला उन्हाळी लागली असणार, लघवीला जळजळ होतेय, म्हणून रडतो. तिने बेंबीवर एरंडेल लावलं आणि धन्याचं पाणी पाजलं. धन्याचं पाणी औषधात मोडत नाही, म्हणून मी चालवून घेतलं.

जयवंत संध्याकाळी म्हणाला, "नाना, तिसऱ्यांदा झालं हे. एकदा मुलांच्या डॉक्टरला दाखवू या ना."

मी विचारलं, "मागचे दोन ताप कोणी घालवले?"

अनुपमा ताट वाढत होती, तिने मान वर केली नाही. मी म्हटलं, "डॉक्टर सुया टोचणार, लाल-पिवळी औषधं पाजणार, आणि मुलाची आतडी जाळून ठेवणार. माझ्या घरात ते होणार नाही." जयवंतने ताट पुढे ओढलं. शहाण्याला शब्दाचा मार.

१० जानेवारी

ताप आहेच. रोज दुपारी जातो तसा आज वाचनालयात गेलो नाही. नंदूच्या पाळण्यापाशीच बसून राहिलो. कपाळावर पाण्याची पट्टी ठेवली की तो माझं बोट धरतो आणि सोडत नाही.

रत्नप्रभेचं काय बिनसलंय कळत नाही. दुपारी चारदा म्हणाली, "अहो, जरा वाचनालयात जाऊन या. पाय मोकळे होतील." पोर तापाने फणफणलंय आणि ही मला पेपर वाचायला पाठवतेय. म्हटलं, मी हलणार नाही. तर भांडी आदळत बसली.

१२ जानेवारी

तीच रड. ताप उतरतो, चढतो. मी तीन दिवस घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही. आज क्षणभर संडासला गेलो तर परत येईतो रत्नप्रभा नंदूच्या तोंडाशी चमचा धरून बसलेली. मला पाहून दचकली, अर्धं त्याच्या गळ्यावर सांडलं. विचारलं, काय पाजतेस? म्हणाली, साखरपाणी. म्हटलं, तापात साखर कशाला? तिने चमचा धुऊन टाकला. चाळीस वर्षांच्या संसारात ही बाई माझ्यापाशी खोटं बोललेली नाही, नाहीतर मला शंकाच आली असती.

उद्या डोंबिवलीला मेहुण्याच्या मुलाचा साखरपुडा आहे. जायचं मनात नाही. पण रत्नप्रभेने हात जोडले, मी नंदूपाशी थांबते, तुम्ही माझ्या माहेरची लाज राखा म्हणाली. दोन दिवस. जाताना गोळीची ताकद वाढवून ठेवतो.

१४ जानेवारी, संक्रांत

परत आलो. ताप पार उतरलेला. नंदू उशीला टेकून बसलाय, लाळ गाळतोय. वाढवलेली ताकद बरोबर लागू पडली. अनुपमाला म्हटलं, "पाहिलंस?" तिने तिळगूळ हातावर ठेवला आणि "हो नाना" म्हणाली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालंय. तिलाही टॉनिक म्हणून काहीतरी द्यायला हवं.

आता पुन्हा दिवसभर घरातच थांबायचं ठरवलंय. माझं लक्ष असलं की बरं. रत्नप्रभेला सांगितलं तर तिचा चेहरा पडला. बायकांना पुरुष घरात नको असतो, हे निवृत्त झालेल्या प्रत्येकाला कळतं, मला जरा उशिरा कळलं.

१९ जानेवारी

नंदूचं बोरन्हाण केलं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावर हलव्याचा मुकुट. बिल्डिंगीतली दहाबारा पोरं जमली. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतले, पोरांनी लुटालूट केली. नंदू हसला नाही. मुकुट डोक्यावर होता तेवढा वेळ तो एकटक माझ्याकडे बघत होता, आणि मग ओकला.

खालच्या मजल्यावरची माणिक आली होती. मालवणकडची बाई, बोलायला फटकळ. नंदूला उचलून म्हणाली, "नानानू, ह्येचे हातपाय बघा, काडये झाले. आणि पोट बघा कसा टुमटुमीत." मी म्हटलं, पोट भरलेलं असणं चांगलंच. ती म्हणाली, "भरलला आणि फुगलला, दोन येगळा."

सगळे गेल्यावर मी नंदूला पाळण्यात ठेवताना बेंबीच्या खाली हात लावून पाहिला. टणक लागतं. कच्च्या पेरूसारखं. दाबलं की तो ओरडतो. पुस्तकात शोधलं, नीट सापडलं नाही. मला भीती वाटते आहे, हे इथे लिहितो. बाहेर बोलायचं धैर्य होत नाही. उद्यापर्यंत वाट पाहतो.

२१ जानेवारी

ताप, ओकाऱ्या. दूध राहत नाही. मी तीन औषधं बदलली. पुस्तक म्हणतं, घाईने औषध बदलू नये. मी घाई करतो आहे.

दुपारी रत्नप्रभा माझ्या पायाशी बसली. म्हणाली, "अहो, अर्धा तास बाहेर जाऊन या. मी पाया पडते तुमच्या." मी इतका संतापलो की हातातली बाटली भिंतीवर फेकली. म्हटलं, हे पोर मरायला टेकलंय आणि तुला मी डोळ्यांसमोर नको झालोय का? ती तोंडात पदर कोंबून रडली. मी संध्याकाळपर्यंत पाळण्याजवळून उठलो नाही. कुणी काही म्हणो, नंदूला मी एकटा टाकला नाही.

२२ जानेवारी

आज जे झालं ते सगळं लिहितो.

सकाळी मोरीवर धरलं, काही झालं नाही. थेंबही नाही. कितीतरी वेळ धरून बसलो. म्हटलं, तापात पाणी कमी पडलं असेल. नंतर दर तासाला लंगोट पाहत होतो, कोरडा. रत्नप्रभेला म्हटलं, आज धुणं कमी आहे. म्हटल्यावर माझं मलाच ते कसंतरी वाटलं.

अनुपमा जेवणाच्या सुमारास घरी आली. रजा टाकून. गॅलरीतल्या दोरीकडे पाहून तिने विचारलं, "आई, सकाळपासून एकही लंगोट नाही?" रत्नप्रभा म्हणाली, "नाही गं." अनुपमाने पर्स खाली टाकली, पाळण्यातून नंदूला काढला, दुपट्यात गुंडाळला. तो रडतही नव्हता, नुसता कण्हत होता.

मी म्हटलं, "कुठे निघालीस? माझ्या गोळ्या चालू आहेत. मधेच दुसरं औषध—"

ती म्हणाली, "नाना, बाजूला व्हा."

आवाज चढवला नाही. नाकापेक्षा मोती जड झाला, असं माझ्या मनात आलं, आणि तरी मी बाजूला झालो. ती जिना उतरायला लागली, मागून रत्नप्रभा पायांत चपला न घालता. मग मीही गेलो.

स्टेशनजवळ मुलांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. डॉ. मृणालिनी. वयाने माझ्या मुलीसारख्या. अनुपमाला पाहून त्या म्हणाल्या, "पुन्हा आला ताप? मागचं औषध पूर्ण दिलं होतं का?"

अनुपमा म्हणाली, "नाही."

"आणि लघवी तपासायला बाटली दिली होती ती?"

"नाही जमलं."

त्या अनुपमाला नावाने ओळखत होत्या. नंदूलाही. मी उभा होतो, मला बसायला कुणी सांगितलं नाही. घरात मी सोडून सगळ्यांना हा दवाखाना ठाऊक होता.

बाईंनी नंदूच्या पोटावर बोटं ठेवली आणि बोलायच्या थांबल्या. मग विचारलं, "शू करताना धार कशी लागते याला? लांब जाते?"

अनुपमा म्हणाली, "दिवसभर लंगोटात असतो हो. ओला झाला की बदलायचा. धार अशी..." तिने रत्नप्रभेकडे पाहिलं. रत्नप्रभेने मान हलवली. तिलाही माहीत नव्हतं. माहीत एकालाच होतं.

मी म्हटलं, "धार नाही."

"म्हणजे आज नाही?"

"कधीच नव्हती. कुंथतो, लाल होतो, रडतो, मग थेंब थेंब. तो तीन महिन्यांचा होता तेव्हापासून रोज सकाळी बघतोय. आज तेही नाही."

बाईंनी चष्मा काढला. "आजोबा, हे कुणाला सांगितलं नाहीत?"

"नाही."

त्या चिठ्ठी लिहायला लागल्या. लिहिता लिहिता म्हणाल्या, "याच्या लघवीच्या वाटेत अडथळा असणार. मुलग्यांमध्ये असतो कधी कधी, जन्मापासून. मूत्राशय तट्ट भरलंय. ताप दाताचा नाही, लघवीतल्या जंतूंचा आहे. टॅक्सी करा आणि थेट परळला जा, कुठे थांबू नका. धारेचं आत्ता सांगितलंत ते बरं झालं, तिथे हेच आधी विचारतील."

अनुपमाने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला इथे लिहिता येत नाही.

टॅक्सीत ती नंदूला मांडीवर घेऊन मागे बसली, शेजारी रत्नप्रभा. मी पुढे. मागे वळून पाहायची छाती झाली नाही.

२५ जानेवारी

परळच्या मोठ्या हॉस्पिटलात आहोत. पहिल्याच दिवशी नळी घालून लघवी काढली. जयवंत म्हणतो, बाटली भरत गेली आणि नंदू कण्हायचा थांबला. सलाईन चालू आहे, पायाला सुई लावलीय. ज्या सुयांचं मी नाव काढू दिलं नव्हतं त्या आता त्याच्या दोन्ही पायांत फिरून फिरून लावतात, कारण शिरा सापडत नाहीत.

सर्जननी कागदावर काढून दाखवलं. वाटेत पातळ कातडीचा पडदा आहे. लघवी पुढे जाऊ शकत नाही, ती मागे तुंबते, वरपर्यंत, मूत्रपिंडांपर्यंत. तुंबलेल्यात जंतू होतात. औषधाने ते मरतात, पण अडथळा तसाच, म्हणून पुन्हा होतात. आणि औषध अर्धवट सोडलं तर फारच लवकर. हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं.

मला तेच डाचतंय. मी डॉक्टरकडे नेऊ दिलं नाही, ती माझी चूक, मान्य. डिसेंबरातला ताप घाटकोपरला कशाने गेला आणि मी डोंबिवलीला असताना कशाने उतरला, ते कळायला आता मला पुस्तक लागत नाही. पण चोरून का होईना, औषध आणलं होतं ना? मग पुरतं का नाही दिलं? दोघी बायका घरात असून दिवसाचे तीन चमचे देता आले नाहीत? थोडा दोष त्यांच्याही पदरात जातो, असं मला वाटतं. बोललेलो नाही. अनुपमा माझ्याशी बोलत नाही. मी डबा आणतो, ती घेते, रिकामा डबा परत देते.

२८ जानेवारी

आज मूत्राशयात औषध सोडून एक्स-रे काढले. पडदाच आहे, नक्की झालं. डावं मूत्रपिंड फार फुगलंय, ते कितपत चालेल सांगता येत नाही. उजवं बरं आहे. शुक्रवारी ऑपरेशन. इतक्या लहान मुलाच्या वाटेतून जाईल एवढी बारीक दुर्बीण एकच आहे, ती चालली नाही तर पोटाला भोक पाडून लघवी बाहेर काढावी लागेल आणि मग मोठा होईपर्यंत तसंच.

सहीचा कागद जयवंतपुढे आला. त्याने तो दोनदा वाचला. मी म्हटलं, मी करू का? तो म्हणाला, "नको नाना," आणि सही केली.

३१ जानेवारी

झालं. दुर्बिणीतूनच झालं, पोटाला हात लावावा लागला नाही. नळी अजून आहे. नळी काढल्यावर तो आपला आपण करतो की नाही, ते बघायचं. सर्जन म्हणाले, खरी परीक्षा तेव्हा.

मी बाहेर बाकड्यावर बसून होतो. शेजारी अनुपमा. ऑपरेशन चालू होतं तेवढा वेळ आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता बसलो होतो. सिस्टरने बाहेर येऊन सांगितलं तेव्हा अनुपमाने माझा हात धरला, मग कुणाचा धरलाय ते लक्षात आल्यावर सोडला.

३ फेब्रुवारी

सकाळी नळी काढली. सगळे कॉटभोवती. पाणी पाजलं, वाट पाहिली. काही होईना. नंदू खेळत होता, माझ्या चष्म्याला हात घालत होता. अनुपमा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिला बघवत नव्हतं.

मग झालं. कुंथला नाही, रडला नाही. धार लागली, चादर ओलांडून सिस्टरच्या पांढऱ्या बुटांवर गेली. सिस्टर म्हणाली, "वाट लागली माझ्या बुटांची." आणि हसली. मी रडलो. सगळ्या वॉर्डासमोर रडलो आणि लाज वाटली नाही.

७ फेब्रुवारी

घरी आलो. डावं मूत्रपिंड कायमचं अधूच राहील असं म्हणाले. थोडं आधी आला असता तर वेगळं असतं का, हे जयवंतने विचारलं. सर्जन म्हणाले, "कदाचित." मी जिन्याच्या कठड्याला धरून ते ऐकलं.

रोज रात्री एक चमचा औषध, वर्षभर, एकही दिवस चुकवायचा नाही. आणि धारेवर नजर ठेवायची. बारीक झाली, तुटक झाली, की त्याच दिवशी दाखवायचं.

संध्याकाळी माणिक धाकट्या लेकीला घेऊन आली. "नानानू, पोरीचो खोकलो काय जाणा नाय. तुमच्या गोळ्येन नातू वाचलो म्हणतत सगळे, आमकाव द्या."

म्हटलं, "माझ्या गोळ्यांपायी तो जीवानिशी जायचा राहिला, माणिक. हिला डॉक्टरकडे ने."

तिला खरं वाटलं नाही. जाताना जिन्यात कुणालातरी सांगत होती, नाना आता फक्त घरच्यांनाच औषध देतात.

९ फेब्रुवारी

आज दुपारी रत्नप्रभा तांदूळ निवडत बसली होती. नंदू झोपलेला. अनुपमा अजून रजेवर आहे, आत कपड्यांच्या घड्या करत होती. इतके दिवस गिळून ठेवलेलं मी बोललोच. म्हटलं, "एक विचारू? औषध आणलं होतंत, ते माझ्यापासून लपवलंत, त्याचंही मी काही म्हणत नाही. पण आणलंत ते पुरतं का नाही दिलंत? सकाळ-रात्र अनुपमा द्यायची असेल. दुपारचा चमचा तुला देता येत नव्हता?"

रत्नप्रभा तांदूळ निवडायची थांबली नाही.

"द्यायची ना," ती म्हणाली. "तुम्ही वाचनालयात गेलात की द्यायची. पण त्याला ताप आला की तुम्ही घरातून हलायचाच नाहीत."

आत घड्यांचा आवाज थांबला. रत्नप्रभेने सुपातला खडा बाजूला काढला.

आजारपणात मी त्याला एकटा टाकला नाही, एवढी एक गोष्ट मी माझ्या बाजूने धरून बसलो होतो. पाळण्याशेजारी बसून काढलेला तो एकेक दिवस. पट्ट्या बदलत, त्याचं बोट हातात धरून. सगळं मुसळ केरात. केरात गेलं असतं तरी परवडलं असतं. मी तिथे बसलो होतो म्हणून चमचा त्याच्या तोंडापर्यंत पोचला नाही.

मी उठून पाळण्यापाशी गेलो, पण तिथे बसलो नाही.

१२ फेब्रुवारी

गेले दोन दिवस मी नंदूला मोरीवर धरायला गेलो नाही. अनुपमा धरायची. आज सकाळी ती त्याला घेऊन माझ्या पलंगापाशी आली. म्हणाली, "उद्यापासून मी कामावर जाणार. मग कोण धरणार?"

म्हटलं, "रत्नप्रभा."

"आईंचे गुडघे." तिने नंदूचं झबलं सारखं केलं. "नाना, माझा राग गेलेला नाही. लवकर जाईल असंही वाटत नाही. पण त्याची आधीची धार तुम्हीच पाहिली आहे. बिघडली तर आम्हाला कुणाला कळणार नाही."

तिने त्याला माझ्या हातात दिला आणि चहा ठेवायला गेली.

मी मोरीवर बसलो. धार लागली. चांगली लागली, पण सुरुवातीला मला जरा बारीक वाटली. कदाचित माझ्या डोळ्यांना वाटली. गप्प बसावं, उद्या पुन्हा बघावं, असं मनात येऊन गेलं. तेवढ्यात मी हाक मारली.

"अनुपमा, धार बारीक वाटते गं."

ती गॅस बंद करून धावत आली. तोवर नंदूचं आटपलं होतं. तिने मोरी पाहिली, नंदूला पाहिलं. म्हणाली, "ठीकच असेल, नाना. जाऊ या का तरी?"

आम्ही दोघं त्याला घेऊन दवाखान्यात गेलो. उघडायची वेळ झाली नव्हती, बाहेर पायरीवर बसून राहिलो. डॉ. मृणालिनींनी तपासलं, पोट दाबून पाहिलं, समोर शू करवून पाहिली. मग म्हणाल्या, "अगदी छान आहे. एवढ्यासाठी आलात, आजोबा?"

मी म्हटलं, "हो. एवढ्यासाठीच."